शिष्यत्वाचा वर्ग पूर्ण होतो, पण पुढे कोणी कोणाला शिकवत नाही. कुठे चुकतंय?

मोहरीचा दाणा

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

रविवारच्या उपासनेला साधारण ७० जण, एक पाळक, तीन वडील (मंडळीची देखरेख करणारे ज्येष्ठ), अशा मंडळीसाठी विचारतोय. १२ आठवड्यांचा शिष्यत्वाचा वर्ग घेतला. पुस्तिका होती, गृहपाठ होता, शेवटी प्रमाणपत्रंही दिली. २२ जणांनी नावं दिली, ९ जणांनी वर्ग पुरा केला. त्या नऊ जणांचं बायबलचं ज्ञान वाढलं हे खरं, पण त्यांतल्या एकानेही पुढे दुसऱ्या कोणाला हाताशी धरलं नाही. मंडळी होती तिथेच आहे.

विचारायचं असं, की गट केवढा असावा? किती महिने चालवावा, आणि त्यात नेमकं काय घ्यावं? नाव देईल त्याला घ्यायचं की निवडून घ्यायचं? आणि पाळकांनी वेळ कुठून काढायचा? आठवड्यात आधीच चार सभा आहेत.

"प्रार्थना करा, वाढवणारा देव आहे" हे मान्यच. त्याखेरीज आपल्या हातात जे आहे त्याबद्दल लिहा.

तंबूवाला

तुमच्या वर्गाने जे द्यायचं ते दिलं, म्हणजे माहिती. वर्ग तेवढंच देतो. मत्तय २८ मधली येशूची आज्ञा नुसती "शिकवा" अशी नाही, जे आज्ञापिलं ते "पाळायला शिकवा" अशी आहे. मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, "शिष्य करा". जाणं, बाप्तिस्मा देणं आणि शिकवणं ही त्याला जोडलेली कृदंतं आहेत. आता पाळायला शिकवायचं तर पाळलं का, हे पुढच्या आठवड्यात कोणीतरी विचारायला हवं. २२ जणांना ते विचारता येत नाही, तिघांना येतं.

म्हणून गट चौघांचा: एक चालवणारा आणि तिघे. आठ जण झाले की दोघे बोलतात, चौघे माना डोलावतात आणि उरलेल्या दोघांचं काय चाललंय ते वर्षभर कळत नाही. उलट एकास एक बसलं तर दोन-तीन महिन्यांत त्याचं समुपदेशन होतं. रोजच्या अडचणींवर बोलण्यात वेळ जातो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्यालाही कधी असंच सगळ्याची उत्तरं देता आली पाहिजेत. तिथेच तो पुढे कोणाला घ्यायचं टाळतो. पुरुषांचे गट वेगळे, स्त्रियांचे वेगळे. यात तडजोड नको.

निवड करायचीच. व्यासपीठावरून जाहीर आवाहन केलं की नावं देणारे तेच येतात, जे प्रत्येक गोष्टीला नाव देतात. २ तीमथ्य २:२ मध्ये पौलाने दोन अटी घातल्या आहेत: माणूस विश्वासू हवा आणि दुसऱ्यांना शिकवण्याजोगा हवा. विश्वासूपणा मुलाखतीत दिसत नाही, छोट्या कामात दिसतो. मनात असलेल्या सहा-सात जणांना गट भरायच्या आधी चार आठवडे एक काम द्या. फिलिप्पैकरांस पत्राला चारच अध्याय आहेत. आठवड्याला एक अध्याय, तो रोज वाचायचा, आणि रविवारी उपासनेनंतर एक प्रश्न घेऊन यायचं. आठवण करायची नाही. चारही रविवार जो स्वतःहून प्रश्न घेऊन येतो त्याला विचारा. पद बघू नका. समितीवरच्या माणसाला पदामुळे घेतलं की पहिल्या महिन्यातच "मला हे सगळं माहीत आहे" सुरू होतं, आणि बाकीचे दोघे गप्प बसायला लागतात.

आता सभेचं. ९० मिनिटं, तीन सारखे भाग.

पहिली ३० मिनिटं मागचा आठवडा: जे करायचं ठरलं होतं ते झालं का, नसेल तर काय आडवं आलं, कोणासाठी प्रार्थना हवी. पुढची ३० मिनिटं वचन, म्हणजे बायबलचा उतारा. पाच प्रश्न बस होतात: इथे काय घडतंय किंवा काय सांगितलंय, देवाविषयी काय कळतं, माणसाविषयी काय कळतं, यातलं काय पाळायचं, आणि हे कोणाला सांगायचं. शेवटची ३० मिनिटं पुढचा आठवडा: प्रत्येकाने एक गोष्ट ठरवायची, ती वहीत लिहायची, थोडा सराव करायचा आणि प्रार्थना. ठरवलेल्या गोष्टीत काय, कोणाबरोबर आणि कधी हे तिन्ही असलं पाहिजे. "जास्त प्रार्थना करीन" हे ठरवणं झालं नाही. "मंगळवारी रात्री ९ वाजता भावाला फोन करून माफी मागीन" हे झालं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. मधला भाग बाकीच्या दोन भागांना खातो. ज्याला बोलता येतं तो वचनावर ५० मिनिटं घेतो, मग घाईने प्रार्थना करून सगळे उठतात. तुमचा वर्ग पुन्हा सुरू झाला असं समजा. वेळ कमी पडला तर वचन २० मिनिटांवर आणा, तिसऱ्या भागाला हात लावू नका. घड्याळ गट चालवणाऱ्याने नाही, तिघांपैकी एकाने सांभाळावं.

अभ्यासक्रम ४० आठवड्यांचा ठेवा. वर्षाचे उरलेले १२ आठवडे सण, परीक्षा, आजारपण यांत जातात, ते आधीच सोडून द्यावेत. आठवडे १ ते ८ पाया: तारणाची खात्री, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, प्रार्थना, वचनवाचन, मंडळी आणि प्रभुभोजन, स्वतःची साक्ष, दान. ९ ते २४ मार्ककृत शुभवर्तमान, आठवड्याला एक अध्याय असे सोळा. अध्याय घरी पूर्ण वाचायचा, सभेत त्यातल्या १०-१५ ओव्याच (अध्यायातली क्रमांक दिलेली वाक्यं) घ्यायच्या. चौदावा अध्याय तर ७२ ओव्यांचा आहे, तो ३० मिनिटांत बसत नाही. २५ ते ३० डोंगरावरील प्रवचन, म्हणजे मत्तय ५ ते ७. ३१ ते ३६ इफिसकरांस पत्र, सहा अध्याय. शेवटचे चार आठवडे फक्त स्वतःचा गट कसा सुरू करायचा यावर.

पण सूत्रं हातात द्यायला शेवटचे चार आठवडे उजाडू देऊ नका. आठव्या आठवड्यापासून पहिला भाग तिघांपैकी एकाने चालवायचा. सोळाव्यापासून वचनाचा भाग पाळीपाळीने. चोविसाव्यापासून अख्खी सभा त्यांचीच, तुम्ही कोपऱ्यात बसून ऐकायचं आणि नंतर पाच मिनिटं दोन गोष्टी सांगायच्या: एक चांगली झालेली, एक सुधारायची. लूक ९ वाचताना हे सुटून जातं, की येशूने बाराजणांना गावोगाव पाठवलं ते सुरुवातीलाच, आणि पेत्राची "तू ख्रिस्त आहेस" ही कबुली त्यानंतर २० व्या ओवीत येते. सगळं समजल्यावर पाठवू म्हटलं तर पाठवणं होतच नाही.

आणि गट संपण्याची तारीख पहिल्या दिवशी सांगा. वर्षभरात गटात इतकी माया निर्माण होते की कोणालाच उठावंसं वाटत नाही. मग दुसऱ्या वर्षीही तेच चौघे "अजून एक पत्र करू या" म्हणत बसतात. चाळीस आठवडे झाले की साप्ताहिक सभा बंद. त्यानंतर हे चौघे महिन्यातून एकदा भेटतात, आणि बोलणं फक्त त्यांच्या नव्या गटांबद्दल होतं.

पाळकांच्या वेळेचं: सभेचा दीड तास, तयारी एक तास, मधल्या दिवसांतले फोन आणि भेटी मिळून दीड-दोन तास. आठवड्याला चार-साडेचार तास लागतात. चार सभांवर पाचवी चढवली तर आधी हीच मरते. एक सभा बंद करा किंवा पूर्णपणे वडिलांकडे सोपवा. ते जमणार नसेल तर यंदा सुरू करू नका.

प्रिस्किल्ला

तंबूवाला भाऊंचं बहुतेक पटतं, पण "एकास एक नको" हे सरसकट नको. नुकताच विश्वासात आलेला माणूस थेट चौघांच्या गटात बसवला तर पहिले दोन महिने तो फक्त शब्द शिकतो. "अभिषेक", "ओझं येणं", "द्वार उघडणं" अशी आपली भाषा त्याला परकी असते. पहिले सहा ते आठ आठवडे त्याच्याबरोबर एकानेच बसावं, आठवड्याला एक तास. या काळासाठी पाच ओव्या पुरतात, आणि त्या मुखपाठ करून घ्याव्यात: तारणाच्या खात्रीसाठी १ योहान ५:११-१२, पाप झाल्यावर १ योहान १:९, प्रार्थनेसाठी योहान १६:२४, परीक्षेच्या, म्हणजे मोहाच्या वेळी १ करिंथ १०:१३, वाट कळत नसेल तेव्हा नीतिसूत्रे ३:५-६. नव्या विश्वासणाऱ्याच्या पहिल्या महिन्यातले बहुतेक सगळे प्रश्न या पाचांत येतात. मग गट.

मुखपाठाचं प्रमाणही जपा. आठवड्याला एक ओवी दिली की तिसऱ्या महिन्यात पहिल्या चार विसरलेल्या असतात, आणि लाज वाटून माणूस सभेलाच यायचं टाळतो. दोन आठवड्यांना एक द्या. वर्षाला २० होतात, त्या टिकतात.

स्त्रियांच्या गटांसाठी तीत २:३-५ हा आधार आहेच, पण अडचण व्यवहारात येते: वेळ आणि मुलं. रात्रीची सभा ठेवली की घरच्या कामामुळे दर दोन आठवड्यांनी एक जण गळते. चौघींना जमेल ती वेळ त्यांनीच ठरवावी, मग ती दुपारची असो. मुलं असतील तर पाळीने एकीने त्यांच्याकडे बघायचं, असंही नको. त्या दिवशी तिचा गट बुडतो. त्या दीड तासासाठी गटाबाहेरचं कोणीतरी हवं. मंडळीतल्या आजीबाई हे काम आनंदाने करतात, त्यांना कोणी विचारत नाही एवढंच.

आणखी एक. गटात चांगला बोलणारा पण समजेत कच्चा असा एखादा असतोच. त्याला चारचौघांत दुरुस्त करू नका. अपुल्लो असाच चांगला वक्ता होता, त्याला प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी बाजूला घेऊन समजावलं (प्रेषित. १८:२६). सभास्थानात उभं राहून नाही.

मोहरीचा दाणा

खूप मिळालं. दोन शंका राहिल्या. तिघांनाच निवडलं तर बाकीचे नाराज होणार, "पाळकांची आवडती माणसं" हे शब्द लगेच कानावर येतील. आणि एका वर्षात तिघेच, मग ७० जणांच्या मंडळीला किती वर्षं लागतील?

लेखनिक

दुसऱ्या शंकेचं गणित मांडतो. दरवर्षी प्रत्येक चालवणाऱ्याने तिघांना घेतलं आणि तिघेही पुढे चालवू लागले, तर कागदावर चौपट वाढ होते. तसं होत नाही. तिघांपैकी एकच पुढे चालवेल असं धरा. चालवणारे मग १, २, ४, ८ असे होतात, आणि त्या वर्षी शिकणारे ३, ६, १२, २४. चार वर्षांत ४५ जण या वाटेने गेलेले असतील. ७० जणांच्या मंडळीत तयारी असलेले जवळपास सगळे त्यात आले.

म्हणजे वेग पुरेसा आहे. अडचण चौथ्या-पाचव्या वर्षी येते, जेव्हा मंडळीतली माणसं संपतात. तोवर गटांना बाहेर बघायची सवय लागली नसेल तर तेच लोक तिसऱ्यांदा मार्क वाचत बसतात. शिष्यत्वाने मंडळी खोल होते, पण आपोआप मोठी होत नाही. म्हणून पहिल्याच महिन्यात प्रत्येकाने पाच नावं लिहायची: नातलग, शेजारी, कामावरचे, किंवा मंडळीपासून दुरावलेले. सभेच्या तिसऱ्या भागात दर आठवड्याला त्या नावांसाठी प्रार्थना, आणि पाचांपैकी एकाशी त्या आठवड्यात काहीतरी संपर्क. सुवार्तेचा विषय निघेलच असं नाही. आजारी असेल तर भेट, अडचण असेल तर मदत. मदतीला अट नको आणि आमिष तर मुळीच नको. तिथे विश्वास संपतो, तो परत मिळत नाही.

मोजायचं काय, हेही आत्ताच ठरवा. उपस्थिती मोजली की उपस्थिती वाढते, बाकी काही नाही. तीन महिन्यांतून एकदा चार आकडे लिहा: चालू गट किती, त्यांतले पहिल्यांदाच गट चालवणारे किती, बाप्तिस्मे किती, आणि तिसऱ्या पिढीचे, म्हणजे पहिल्या गटातून निघालेल्या गटांतून पुढे निघालेले गट किती. एका मोठ्या कागदावर वर्तुळं काढा, कोणाच्या गटातून कोणाचा गट निघाला ते रेघेने जोडा. पुस्तिका कितीही चांगली असो, खरी परीक्षा तिसऱ्या पिढीत होते. २ तीमथ्य २:२ मध्येच चार पिढ्या आहेत: पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं, आणि ती ज्यांना शिकवतील ते. दुसऱ्या पिढीवर रेघा थांबल्या असतील तर बहुधा दोनांपैकी एक कारण असतं. एक तर सामग्री इतकी जड आहे की पाळकांशिवाय ती कोणाला उलगडता येत नाही. नाही तर दुसऱ्या पिढीच्या माणसाने आपल्या शिकवणाऱ्याला कधी अडखळताना, "मला माहीत नाही, बघून सांगतो" म्हणताना पाहिलेलंच नाही.

इफिसचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज शिकवलं, आणि आसिया प्रांतातल्या सगळ्यांनी वचन ऐकलं असं प्रेषित. १९:९-१० म्हणतं. सगळीकडे तो स्वतः गेला नव्हता. कलस्सै इथे शिकवणारा एपफ्रास होता (कलस्सै १:७), आणि तिथल्या पुष्कळांनी पौलाचं तोंडही पाहिलं नव्हतं (२:१). शाळा एका जागी, मंडळ्या दुसरीकडे.

नाराजीचं म्हणाल तर थोडी होणारच. येशूभोवती पुष्कळ शिष्य होते, त्याने रात्रभर प्रार्थना करून त्यांतले बारा निवडले (लूक ६:१२-१३). पण एक करता येतं. फिलिप्पैकरांसचं ते चार आठवड्यांचं काम सगळ्यांसाठी खुलं ठेवा. मग निवड पाळकांची उरत नाही. आणि पुढचे गट कधी सुरू होणार हे महिन्यासह जाहीर करा. आपली पाळी येणार आहे हे कळलं की कुरकुर बरीच कमी होते.

जाता जाता, मेथडिस्टांचे साप्ताहिक वर्ग कसे जन्मले ते मजेशीर आहे. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि बाराजणांमागे एकाने ती गोळा करावी, असं ठरलं. वसुलीला घरोघर जाताना कळायला लागलं की कोणाचं कसं चाललंय, कोण प्यायला लागलंय, कोणाच्या घरात भांडणं आहेत. मेथडिस्ट चळवळीचा पुढारी जॉन वेस्ली याने ते ओळखलं आणि वसुलीची ती व्यवस्था आत्मिक देखरेखीची केली.

द्राक्षवेल

एका धोक्याबद्दल वर कोणीच लिहिलं नाही. "पाळलं का?" हा प्रश्न दर आठवड्याला विचारणाऱ्याच्या हातात हळूहळू सत्ता येते. १९७० च्या दशकात अमेरिकेत शेफर्डिंग चळवळ या नावाने हेच झालं. प्रत्येक विश्वासणाऱ्याला एक मेंढपाळ, त्याला वरचा मेंढपाळ. मग लग्न, नोकरी, घर घेणं यांनाही परवानगी लागू लागली. पुष्कळ माणसं दुखावली, चळवळ मोडली, आणि तिच्या एका पुढाऱ्याने नंतर जाहीर माफी मागितली.

त्यामुळे सीमा लेखी ठेवा, आणि पहिल्या सभेत चौघांनी मिळून मोठ्याने वाचा. गट चालवणारा वचनातल्या आज्ञेबद्दल विचारू शकतो. लग्न, नोकरी, पैसा, औषधोपचार यांत तो निर्णय देत नाही. गटातल्या गटात उसनवारी नाही. गट सोडायचा असेल तर कारण द्यावं लागणार नाही. "तुमचा गुरू एक आहे आणि तुम्ही सर्व भाऊ आहात" असा मत्तय २३:८ चा अर्थ आहे, तो चालवणाऱ्यालाही लागू.

गोपनीयतेलाही सीमा हवी. "गटातलं गटात" हा नियम बरोबर, पण मुलांवरचा अत्याचार, घरातली मारहाण, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचार, यांपैकी काही पुढे आलं तर ते गटात ठेवता येत नाही. तेही पहिल्याच दिवशी सांगायचं. अशा वेळी पाळक किंवा वडिलांना त्याच दिवशी कळवायचं, आणि गुन्हा असेल तर मंडळीत मिटवायचा नाही, कायद्याच्या वाटेने जायचं. १८ वर्षांखालच्यांचा गट असेल तर पालकांची संमती, दोन प्रौढ आणि उघडं दार.

आणि गट चालवणारा म्हणजे मंडळीचा वडील नव्हे. १ तीमथ्य ३:६ प्रमाणे वडील नवशिका नसावा. तिघांबरोबर बसायला मात्र नवशिकाही चालतो, त्याच्यामागे कोणी उभं असेल तर. या दोन गोष्टींची गल्लत झाली की एक तर नव्या माणसाला गटच देत नाहीत, नाही तर गट दिला म्हणून त्याला थेट समितीवर बसवतात.

मोहरीचा दाणा

फिलिप्पैकरांसचं काम सगळ्यांना खुलं ठेवायचं हे पक्कं केलं. बुधवारची सभा वडिलांकडे देता येईल असं दिसतंय. एकच राहिलं: ज्यांना वाचता येत नाही किंवा डोळ्यांमुळे जमत नाही अशा सात-आठ वयस्क जणी आहेत. प्रार्थनेत त्या सगळ्यांच्या पुढे. त्यांना वाचनाच्या कामावर निवडणं अन्यायाचं होईल.

प्रिस्किल्ला

त्यांच्यासाठी वाचन काढून टाका, बाकी रचना तीच ठेवा. चालवणारीने एक प्रसंग तोंडी सांगायचा, १० ते १५ ओव्यांचा, शब्दांना जमेल तितकं धरून, स्वतःचं विवेचन न मिसळता. मार्क २ मधला छत उकरून खाली सोडलेला पक्षघाती सुरुवातीला चांगला. दुसऱ्यांदा सांगायचा. मग एकीने तो परत सांगायचा, आणि जे सुटलं ते बाकीच्या दोघींनी भरायचं. कोणी जास्तीचं घातलं तर "हे गोष्टीत होतं का?" एवढंच विचारायचं. तिसऱ्या वेळेपर्यंत तो बसतो, मग तेच पाच प्रश्न. यात ३० ऐवजी ४० मिनिटं लागतात, म्हणून पहिला भाग २० चा करा.

निवडीचं काम: आठवड्याला एक प्रसंग, घरातल्या किंवा शेजारच्या एकीला सांगायचा, आणि ती काय म्हणाली ते रविवारी येऊन सांगायचं. चार आठवडे, चार प्रसंग. ध्वनिमुद्रित बायबल मोबाईलवर चालतं, पण ते लावून देणारं घरात कोण आहे ते आधी विचारून घ्या. नातवंड शाळेत गेलं की दुपारभर मोबाईल गप्प असतो.